रोजची सायकल

रोजच्या वापराच्या सायकलीत फारसे काही झाकलेले नसते. चेन, ब्रेक, स्पोक, सगळे डोळ्यांसमोर. स्कूटर बिघडली की मेकॅनिक सांगेल त्याला मान डोलावण्यापलीकडे मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. सायकलीचा बिघाड मात्र आधी आवाजातून कळतो, मग हाताला जाणवणाऱ्या सैलपणातून, आणि एवढे होऊनही कुणी लक्ष दिले नाही तरच एखादा भाग मोडतो. सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणे हेल्मेटपासून सुरू होते. हेल्मेट हवेच, पण ते पडल्यावर उपयोगी येते. पडूच नये यासाठीची बरीचशी तयारी टायरमधल्या हवेत आणि ब्रेकच्या रबरात असते, आणि ती घरच्या अंगणात आठवड्याला दहा मिनिटांत होण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली काळी, उंच, दांडीची सायकल मूळची इंग्रजी घडणीची. दोन सारखी चाके आणि चेनने फिरणारे मागचे चाक ही मांडणी जॉन केम्प स्टार्लीच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ने रूढ केली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर आणला आणि दगडी रस्त्यावरचा प्रवास सुसह्य झाला. स्वातंत्र्यानंतर सोनीपतच्या ॲटलसने (१९५१) आणि लुधियानाच्या हीरोने (१९५६) तीच घडण गावोगावी पोचवली. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, गिरणी कामगार तिच्यावरून कामाला गेले. मुंबईच्या उपनगरांत डबेवाले आजही जातात. ती जड आहे हे खरे. पण तिची २८ इंची चाके खड्ड्यात फारशी अडकत नाहीत, मडगार्ड पूर्ण लांबीचे असतात, चेनवर कव्हर असते, मागे दणकट कॅरिअर आणि खाली दोन पायांचा स्टँड असतो. रोज कामावर जाणाऱ्याला लागते ते सगळे तिच्यात आहे.

दुकानात आज उठून दिसणाऱ्या सायकलींत नेमक्या याच गोष्टी नसतात. जाड टायर, पुढे आणि मधे स्प्रिंगा, भडक रंग. किंमत मात्र बेताची. अशी सायकल रोजच्या कामासाठी घेऊ नये. स्वस्त स्प्रिंगा वजन वाढवतात, पायडलवर दिलेल्या जोराचा काही भाग त्या दबण्या-उसळण्यातच जातो, आणि मडगार्ड नसल्याने पहिल्याच पावसात सदऱ्याच्या पाठीवर चिखलाची रेघ उमटते. सपाट गावात एकाच गिअरची सायकल पुरते. रत्नागिरीसारख्या चढउताराच्या गावी, किंवा पुण्यात रोज टेकडीच्या अंगाला असलेल्या वस्तीत परतायचे असेल, तर मागे सहा-सात गिअर असलेली, पुढे स्प्रिंग नसलेली साधी हायब्रिड सायकल घ्यावी आणि मडगार्ड, कॅरिअर, स्टँड त्याच दिवशी बसवून घ्यावेत. नंतर करू म्हटले की ते राहूनच जाते.

सीटची उंची ही फुकटात होणारी सर्वात मोठी सुधारणा आहे. बसल्या जागी दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत असे बहुतेकांना वाटते, म्हणून सीट खाली ठेवले जाते, आणि दोन-चार महिन्यांत गुडघे दुखू लागले की दोष सायकल चालवण्याला दिला जातो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली आणावे. त्या वेळी पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला आपोआप हलकासा बाक राहतो. या उंचीवर थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवावा लागतो. आठवडाभरात ही सवय लागते. सीटच्या दांड्यावर किमान किती लांबी नळीत राहिली पाहिजे याची खूण असते, तिच्या वर तो काढू नये. लहान मुलाला ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी सायकल देण्याची पद्धत आहे. ज्या सायकलीवरून मुलाचा पाय जमिनीला टेकत नाही, ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे पोचत नाहीत, ती सायकल त्याने रहदारीत नेता कामा नये, मग ती कितीही चांगली असो.

आता हवा. कमी हवेची सायकल जड चालते एवढेच लोकांना माहीत असते, पण नुकसान त्याहून मोठे होते. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा टायर दबून ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. काटा नाही, काच नाही, तरी पंक्चर. कारण एकच, हवा कमी होती. जुन्या घडणीच्या २८ इंची टायरला साधारण ४० ते ५० पौंड दाब लागतो. इतर टायरांच्या बाजूवर किती ते छापलेले असते, आणि मागच्या चाकावर वजन जास्त येत असल्याने तिथे थोडा अधिक ठेवायचा. दांडीच्या सायकलीचा जुना व्हॉल्व्ह साध्या गेजने मोजता येत नाही. तिथे अंगठा हेच माप. टायरच्या मधोमध अंगठा पूर्ण जोराने दाबला तर तो जेमतेम दबावा, आणि सायकलीवर बसल्यावर खालचा टायर किंचितच फुगलेला दिसावा. रबरातून हवा झिरपतेच, त्यामुळे चांगल्या ट्यूबलाही आठवड्यातून एकदा पंप लागतो. घरात पायाने दाबून धरायचा उभा पंप असावा. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सकाळी सातला दुकान उघडेलच असे नाही, आणि शाळा मात्र सातलाच भरते.

रात्रीत हवा गेली आणि पंक्चर सापडत नसेल तर जुन्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी पाहावी. ती बारीक नळी वाळून चिरते आणि तिथून हवा सुटत राहते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवला की बुडबुडा येतो. नळी काही रुपयांत मिळते, बदलायला मिनिटही लागत नाही. एक तुकडा कायम सीटखालच्या पिशवीत असू द्यावा.

पंक्चर काढणे पाहून पाहून सगळ्यांना पाठ असते, पण त्यातली महत्त्वाची पायरी घाईत गळते. सराईत कारागीर चाक न काढता टायरची एक बाजू पट्टीने उचलतो, ट्यूब बाहेर ओढतो, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत नेतो. बुडबुडे दिसले की तिथे काडी खुपसून खूण करतो, जागा कोरडी करून कानशीने घासतो, सोल्यूशन लावतो. इथे थांबावे लागते. सोल्यूशनची ओली चमक जाऊन ते बोटाला नुसते चिकटसर लागेपर्यंत चकती ठेवू नये. ओल्यावर लावलेली चकती उन्हात सुटते. आणि ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून सगळीकडे बोटे सावकाश फिरवायची. बाभळीचा काटा, बाटलीची काच, किंवा फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून रस्त्यावर पडलेली केसासारखी बारीक तार अजून तिथेच असते. तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र टोचते. ती काढली नाही तर तासाभरात त्याच जागी दुसरे पंक्चर होते आणि बिचाऱ्या कारागिरावर विनाकारण संशय येतो. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर काटा शोधत बसू नये. तिथे स्पोकचे टोक वर आलेले असते किंवा रिमवरची पट्टी सरकलेली असते. टायरला चीर गेली असेल तर आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, टाकून गावापर्यंत येता येते. पुढच्या महिन्यापर्यंत तसेच वापरू नये. टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत झाली किंवा कडेचे धागे दिसू लागले की टायर बदलावा, आणि नवा टायर पुढे लावून पुढचा जुना मागे घ्यावा. मागचा टायर फुटला तर सायकल बहुधा सावरता येते. पुढचा फुटला तर हँडलच हातातून जाते.

ब्रेकच्या बाबतीत थोडे गणित उपयोगी आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. शहरातला हा अगदी साधा वेग. समोर काही आडवे आले हे पाहून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो, म्हणजे पाच मीटर तर तसेच निघून जातात. चांगले ब्रेक असतील तर पुढे आणखी चारेक मीटरमध्ये सायकल थांबते. ब्रेकची पकड निम्मी असेल तर आठ मीटर लागतात. नऊ मीटर आणि तेरा मीटर यांतला फरक एका उभ्या मोटारीएवढा आहे. उतारावर वेग दुप्पट झाला की ब्रेकसाठी लागणारे अंतर चौपट होते, म्हणून कात्रजचा घाट उतरताना वेग वाढल्यावर ब्रेक मारायचा असे करू नये. वेग वाढूच न देता, मागचा-पुढचा ब्रेक आलटून पालटून लावत उतरावे. सतत धरून ठेवल्याने रिम आणि रबर दोन्ही तापतात.

पुढचा ब्रेक धोक्याचा असा समज घरोघरी मुलांना दिला जातो, आणि मग मोठेपणीही बोटे फक्त मागच्या ब्रेककडे जातात. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून नुसता मागचा ब्रेक मारला की चाक घसरत जाते आणि सायकल लवकर थांबत नाही. थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. त्याच वेळी मागचा लावायचा आणि अंग सीटवर किंचित मागे घ्यायचे. वळणावर आणि वाळूवर मात्र पुढचा ब्रेक टाळावा. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण सगळ्या सायकलींना नाही. दुसऱ्याची सायकल घेताना दोन पावले चालवत नेऊन कोणता दांडा कुठला ते आधी पाहावे. हे शिकायला मोकळे मैदान आणि एक रविवार सकाळ पुरते.

जुन्या सायकलींच्या स्टीलच्या रिमला पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाही, ही गोष्ट ज्याने एकदा अनुभवली तो विसरत नाही. ओल्या पोलादावर रबर नुसते घसरते आणि थांबायचे अंतर कित्येक पटींनी वाढते. यावर दोन उपाय. पावसात थांबण्याच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच टेकवून ठेवावा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते आणि मग पकड येते. दुसरा उपाय अधिक चांगला: चाके बदलायची वेळ आली की ॲल्युमिनियमच्या रिम घ्याव्यात, त्यांवर ओले रबरही बरेच धरते. ब्रेकची रबरे झिजून लोखंडी खोबण रिमला घासू लागली की खरखर आवाज येतो. तो आवाज ऐकूनही सायकल चालवत राहणे म्हणजे रिम कापत राहणे. रबर बसवताना ते रिमच्याच कडेवर टेकते आहे, वर टायरला लागत नाही, हे नीट पाहावे, कारण टायरला घासणारे रबर दोन आठवड्यांत टायर फाडते. केबलचे धागे दांड्याजवळ एकेक तुटतात. दोन धागे सुटलेले दिसले की त्याच दिवशी केबल बदलावी, कारण उरलेले धागे तुटतात ते नेमके जोरात ब्रेक मारताना. डिस्क ब्रेक असतील तर तबकडीला तेलाचा हात लावू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

चेनकडे लक्ष जाते ते ती उतरल्यावर किंवा तुटल्यावर. झिजलेली चेन दिसायला लांबलेली दिसत नाही, पण मोजली तर कळते. सायकलीच्या चेनची एक कडी, म्हणजे पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर, बरोबर अर्धा इंच असते. लोखंडी फूटपट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरावा आणि चोविसावी कडी संपते तिथली पिन पाहावी. नव्या चेनवर ती बारा इंचांच्या रेघेवर येते. रेघेच्या एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर चेनबरोबर मागचे फ्रीव्हीलही गेले, कारण लांबलेल्या चेनने त्याचे दाते झिजवलेले असतात आणि त्यांवर नवी चेन उड्या मारते. चेन दात्यांवरून उडाली की पायडल एकदम मोकळे होते आणि उभे राहून चढ चढणारा माणूस सरळ दांडीवर आपटतो. पट्टी आणि अर्धे मिनिट, एवढाच या मोजणीचा खर्च.

चेनला तेल घालतात ते बाहेरून, आणि ते लागते आत, पिनवर. म्हणून आधी जुन्या फडक्यात चेन धरून पायडल उलटे फिरवून काळा थर पुसावा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब पातळ तेल सोडावे, पायडल थोडा वेळ फिरवावे, आणि पुन्हा कोरड्या फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसून काढावे. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि ती धूळ चेनला कानशीसारखी घासते. गाडीतून काढलेले जळके ऑइल चेनवर ओतण्याची पद्धत आहे, ती सोडलेली बरी. त्यात धातूचे कण असतातच. एका गिअरच्या सायकलीत चेन वरखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलावी. जास्त सैल असेल तर मागच्या चाकाचे नट सोडून चाक मागे खेचावे, पण चाक दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या मधोमध राहिले पाहिजे.

बाकीच्या सैलपणाची परीक्षा हाताने होते. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवली आणि हँडलखाली टकटक जाणवली तर मुंडीचे नट सैल आहेत. चाक उचलून रिम आडवी हलवावी. खेळ असेल तर एक्सलवरचा कोन घट्ट करायचा आहे, नाहीतर आतले छर्रे खड्डे पाडतात. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘टक’ होत असेल तर जुन्या सायकलीत बहुतेक वेळा क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन सैल झालेली असते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात: ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटते आणि उलट दिशेने बसते. हे माहीत नसलेल्या माणसाने जोर लावून आटे खराब केले की अख्खी क्रँक बदलावी लागते. स्पोक बोटाने छेडत गेले की घट्ट स्पोक खणखणीत वाजतो आणि सैल भदभदीत. एखादा तुटला असेल तर लगेच बदलून घ्यावा, कारण त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. चाकाचा आउट काढणे, फ्रीव्हील, खालचे एक्सल ही कामे कारागिराची. त्याच्या हाताला वर्षानुवर्षांचा अंदाज असतो आणि त्याची मजुरी कमी करण्यासाठी घासाघीस करू नये. नवी सायकल मात्र महिनाभरात एकदा परत दाखवावीच. पहिल्या काही आठवड्यांत स्पोक आणि केबली बसतात, नट सैल होतात. घरी वेगवेगळ्या मापांच्या भोकांचा चपटा पाना आणि नव्या सायकलीसाठी चार, पाच, सहा मिलिमीटरच्या ॲलन की असल्या की बाकी सगळे जमते.

वर्षाचे मोठे काम पावसाळ्यानंतरचे. चार महिने पाणी, चिखल आणि किनाऱ्यावर असेल तर खारा वारा खाल्लेली सायकल दसऱ्याआधी पूर्ण उघडून, छर्रे रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावी. खंडेनवमीला हत्यारांबरोबर सायकलीचीही पूजा होते. झेंडूची माळ घालण्याआधी आत ग्रीस गेलेले असावे. पावसाळ्यात मात्र रोजचे काम छोटे असते: घरी आल्यावर कोरड्या फडक्याने चेन, नट आणि रिम पुसणे. सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये, ते पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि ग्रीस बाहेर काढते.

दिव्याविषयी एके काळी नगरपालिका आणि पोलीस दोघेही काटेकोर होते. सायकलीला वर्षाचा कर होता, त्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे, आणि दिवा न लावता रात्री कुणी सापडला किंवा डबलसीट दिसला की दंड व्हायचा. आधी तेलाचे कंदील, मग टायरला घासून फिरणारा डायनॅमो. सहा व्होल्ट, तीन वॉटचा हा डायनॅमो चाक थांबले की विझायचा, म्हणजे चौकात उभ्या माणसाला दिवाच नसे. बिल्ला गेला, दंडही गेला, आणि आज अंधारात बिनदिव्याच्या सायकली सर्रास दिसतात. ही फार मोठी चूक आहे. शहरात दिवा रस्ता दिसावा म्हणून लागत नाही, सायकल दिसावी म्हणून लागतो. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही बॅटरीचे छोटे एलईडी. मागचा तर संध्याकाळी सहाला आणि पावसाच्या दिवशी भर दुपारीही लावावा. २०२० साली केंद्र सरकारने सायकलींवरच्या परावर्तकांच्या गुणवत्तेसाठी आदेश काढला. जुन्या सायकलीचे परावर्तक फुटले असतील तर परावर्तक पट्टी विकत घेऊन मडगार्डला, क्रँकला आणि चिमट्याला चिकटवावी. पायडलवरचे पिवळे परावर्तक वरखाली हलतात, त्यामुळे मागच्या चालकाला लांबूनच ओळखू येते की पुढे सायकल आहे.

हेल्मेट. मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती सायकलस्वाराला लागू नाही, तरी ते घालावे. त्याची मर्यादाही माहीत असावी. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात सायकलीचे हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठावर आपटून तपासतात. डोके सायकलीवरून रस्त्यावर आपटते, त्या धक्क्यासाठी ते आहे. ट्रकच्या धडकेसाठी नाही. आतला फोम चिरडून धक्का शोषतो आणि एकदा चिरडला की परत फुलत नाही, म्हणून एका मोठ्या आपटीनंतर बाहेरून चांगले दिसले तरी हेल्मेट टाकून द्यावे. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसावे. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ उघडे ठेवते. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच जागा हवी.

रस्त्यावर कुठून चालायचे याचे उत्तर ‘अगदी कडेने’ असे दिले जाते. ते पुरते बरोबर नाही. अगदी कडेला वाळू, काच, गटाराच्या जाळ्या आणि पेव्हर ब्लॉकची उंच-सखल सांध असते, आणि खड्डा आला की मधे येण्यावाचून गत्यंतर नसते. डांबराच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चालवावे. मागच्याला अंदाज येतो आणि डाव्या हाताला चुकवायला थोडी जागा राहते. उभ्या मोटारींच्या रांगेपासून एक पूर्ण दारभर अंतर ठेवावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याचे दार नेमके सायकलीच्या वाटेत उघडते. चालकांनी दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावली तर अंग आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. सायकल चालवणाऱ्या घरात ही सवय मुलांनाही लावता येईल. थांबलेल्या रिक्षाच्या आणि बसच्या डावीकडून कधी जाऊ नये, तिथून उतारू उतरतात. वळणार असलेल्या ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या अंगाला तर मुळीच थांबू नये. चालकाला तिथले दिसत नाही, आणि वळताना गाडीची मागची चाके आतल्या बाजूने येतात. सिग्नलला त्याच्या मागे थांबण्यात पंधरा सेकंद जातात; जाऊ द्यावीत.

उलट्या बाजूने चालवणे हा शॉर्टकट बहुतेकांना निरुपद्रवी वाटतो. ताशी २० ने जाणारी सायकल आणि ताशी ४० ने येणारी मोटारसायकल समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यातले अंतर ताशी ६० च्या वेगाने संपते. त्याच दिशेने असत्या तर २० च्या. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघत असतो. उलट बाजूची सायकल त्याच्या नजरेतच येत नाही.

पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेले तेल वर येते, झेब्रा पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात. त्यांवर वळू नये, ब्रेकही मारू नये. आधी वेग कमी करून सरळ पार व्हावे. रेल्वे फाटकातला रूळ काटकोनात ओलांडावा, तिरपे गेल्यास चाक खाचेत जाते. साचलेल्या पाण्यात खड्डा किती खोल हे कुणालाच कळत नाही. पुढची मोटारसायकल जिथून गेली तिथूनच जावे, किंवा उतरून चालावे.

ओझे आणि कपडे हेही सुरक्षिततेचेच विषय आहेत. कॅरिअरवर फार जड आणि मागे टोकाला ठेवलेले पोते पुढचे चाक हलके करते, हँडल भिरभिरते. ओझे शक्य तितके खाली आणि सीटजवळ आणून रबरी पट्ट्याने घट्ट बांधावे. हँडलला लटकवलेली पिशवी हेलकावे खात चाकात शिरते, म्हणून दुधाची पिशवीसुद्धा टोपलीत. ओढणी, साडीचा पदर, रेनकोटची टोके बांधून घ्यावीत आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी. पँटचा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून पूर्वी सगळे क्लिप लावत, आज साधी रबरी पट्टीही चालते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या मुलींच्या सायकलींना जाळी, मागचा लाल दिवा आणि एक पंप असावा, आणि शाळेत वर्षातून दोनदा कारागीर बोलावून सगळ्या सायकली एका रांगेत तपासल्या जाव्यात. याचा खर्च फार नाही, आणि बंद पडलेल्या सायकलीमुळे एखादी मुलगी शाळेत आली नाही असे तरी होणार नाही.

कुलूप दोन लावावीत: मागच्या चाकाचे गोल कुलूप आणि एक साखळी, जी चाक आणि सांगाडा दोन्हींतून जाऊन खांबाला बांधता येईल. नुसते चाक बांधले तर चाकच उरते. प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर, बहुधा पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटखालच्या नळीवर, नंबर ठोकलेला असतो. तो पावतीवर लिहून घ्यावा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवावा. चोरीची तक्रार देताना सायकल कोणती हे सांगायला त्याहून भक्कम खूण नसते. जुनी सायकल विकत घेणाऱ्यानेही आधी हा नंबर पावतीशी ताडून पाहावा, आणि मगच टायरकडे, ब्रेककडे आणि चेनकडे वळावे.